शेठजींचा अमेरिकन डायरेक्टर

जुन्या जालन्यात मला खोली मिळाली तेव्हा मालकांनी तीन अटी घातल्या. कांदा-लसूण खोलीत आणायचा नाही, सूर्य बुडाल्यावर स्टोव्हचा आवाज करायचा नाही, आणि दर रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर इंग्रजी पिक्चरला यायचं. पहिल्या दोन अटी मी महिन्याभरात मोडल्या आणि मालकांनी कानाडोळा केला. तिसरी मात्र चौदा वर्षं पाळावी लागली.

जालना जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी केदारखेड्याचा. वडील ज्वारी आणि तूर ह्याच मालकांच्या, म्हणजे शेठजींच्या, धान्याच्या मोंढ्यातल्या अडतीवर घालायचे. मला जालन्याच्या हायस्कुलात इंग्रजीच्या मास्तरची नोकरी लागली तेव्हा वडिलांनी ती बातमी आधी अडतीवर सांगितली, मग आईला. शेठजी म्हणे गादीवरून अर्धे उठले. "बोललेली समजती का त्याला इंग्रजी?"

"समजती म्हंजे?" वडील म्हणाले. "झोपंत बी इंग्रजीच बोलतो."

खरं काय ते आता सांगायला हरकत नाही. इंग्रजी शिकवणं वेगळं आणि इंग्रजी कळणं वेगळं. मला कर्तरीचं कर्मणी झोपेत करता यायचं, तेवढ्यापुरतं वडील खरं बोलले होते. पण पडद्यावरचा अमेरिकन माणूस तोंडात सुपारी धरल्यासारखा बोलायला लागला की मला 'येस', 'नो' आणि दोन शिव्या एवढंच कळायचं. ह्या भांडवलावर मी चौदा वर्षं दुभाष्याचं काम केलं.

शेठजींना सगळे इंग्रजी पिक्चर चालत नसत. त्यांना एकाच डायरेक्टरचे लागत. तो अमेरिकेतला होता, अजून जिवंत होता, आणि दोन-तीन वर्षांतून एखादा पिक्चर काढायचा. त्याचं नाव शेठजींना उच्चारता येत नव्हतं, वाचता तर येतच नव्हतं. ते त्याला 'आपला माणूस' म्हणत. पण पोत्यावरचा मार्का लांबून ओळखावा तसं ते त्याच्या नावाचं चित्र ओळखायचे. पहिलं अक्षर उभं, मग दोन वाटोळी, मध्ये एक पाय लांब केलेलं. पोस्टरवर ते नाव नसायचं. म्हणून आम्ही दर रविवारी तिकीट काढून आत बसायचो, पाट्या सरकायच्या, मार्का दिसला नाही की शेठजी उठायचे. "चला मास्तर. आपल्या माणसाचा न्हाई." सात मिनिटांत आम्ही बाहेर. डोअरकीपर आम्हाला बघून दार लावायचाच नाही. चौदा वर्षांत मी शेकडो इंग्रजी पिक्चरांच्या फक्त पाट्या बघितल्या आहेत, आणि शेठजींच्या माणसाचे पिक्चर बघितले ते सहा.

हा नाद कसा लागला, ते शेठजी मोंढ्यात कुणालाही सांगायचे, ऐकणाऱ्याची इच्छा असो-नसो. मी यायच्या आधीची गोष्ट. एका रविवारी मोंढा बंद, करमेना, म्हणून ते सहज टॉकीजमध्ये शिरले. पडद्यावर एक म्हातारा अमेरिकन धान्य तोलत होता. दहा मिनिटं नुसता तोलतच होता. पब्लिक शिट्ट्या मारून राह्यलं होतं. तोलता तोलता म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की आपला गुडघा पोत्याला टेकलाय. त्यानं पोतं उतरवलं आणि पुन्हा तोललं.

"पुन्हा तोललं, मास्तर!" हे सांगताना शेठजींचा आवाज अजून चढायचा. "गुडघा लागला तर काटा किती खातो, हे ज्याला माहीत, तो माणूस खोटं दाखवणार न्हाई. बिलकुल न्हाई."

जालन्याच्या अडत्यानं गुडघा लागल्यावर पोतं पुन्हा तोलल्याचं माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. पण कलेचा परिणाम व्हायला वेळ लागतो, असं म्हणतात.

टॉकीजवाल्याला ह्या डायरेक्टरचं काही सोयरसुतक नव्हतं. सकाळचा इंग्रजी पिक्चर म्हणजे पोस्टरवर टॉवेल गुंडाळलेली बाई, एवढाच त्याचा हिशेब. पेंटरनं ती बाई एकदा चांगली जमवली होती, तीच तो दर पिक्चरला काढायचा. आत मात्र आपला माणूस एखादा लिफ्ट दुरुस्त करणारा गृहस्थ दाखवायचा, जो पाऊण तास लिफ्टच दुरुस्त करतोय. पब्लिक इंटरव्हलपर्यंत बाईची वाट बघायचं, मग डायरेक्टरच्या आईबहिणीचा उद्धार करून निघून जायचं. त्यानंतर थेटरात आम्ही दोघं आणि गारव्याला झोपायला आलेले दोन हमाल.

शेठजी थेटरात बोलत नसत. मोंढ्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत होती. तीच त्यांनी इथं आणली. खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर टाकायचं आणि खालून बोटं दाबायची. एक बोट म्हणजे 'हा कोण?' दोन बोटं म्हणजे 'काय म्हणला?' मूठ म्हणजे 'समजलं, गप बसा.' मी कानात उत्तर द्यायचं. कळलं तर कळलेलं, नाहीतर मनाला येईल ते. सुरुवातीला भीती वाटायची. पण मुठीवर मूठ यायला लागली तसा मी सोकावलो.

शेठजी जैन. उकळलेलं पाणी घरून आणायचे, दिवस मावळायच्या आत जेवायचे. आपला माणूस लोकांना अंधारात जेवायला बसवतो, एवढी एकच गोष्ट त्यांना त्याच्यात खटकायची. ताटात काय आहे हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही. एकदा पडद्यावर एक धिप्पाड माणूस सुरीनं कापून काहीतरी खात होता. दोन बोटांच्या जागी अख्खा पंजाच आला.

"बटाटा, शेठजी."

"एवढा चावावा लागतो?"

"अमेरिकेतला आहे."

मग मूठ आली. दारूला आम्ही औषध म्हणायचो. त्या देशात तब्येती फार खराब असतात, असं शेठजींचं पक्कं मत झालं होतं.

त्या डायरेक्टरला एक खोड होती. कुठलंही घर दाखवलं की जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी असायची. सगळे बसलेत, बोलतायत, आणि एक खुर्ची रिकामीच. शेठजींनी विचारलं, तिथं कोण? मला काय माहीत! मी म्हटलं, "घरातलं जे माणूस निघून गेलंय, त्याची जागा आहे ती."

मूठ आली नाही. काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात, जिथं चार पिढ्या गादीवरच बसत आल्या, तिथं एक नवी लाकडी खुर्ची दिसली. तिच्यावर कुणी बसायचं नाही. शेतकरी उभे, मुनीम खाली बसलेला, खुर्ची रिकामी. आठवड्याभरात माझे वडील तूर घेऊन आले आणि हाश्शहुश्श करत थेट तिच्यावर बसले. शेठजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाहुण्याला उठ म्हणता येईना, आणि बसलेलं बघवेना. वडील चहा पिऊन, पान खाऊन, तासाभरानं उठले. "झकास हाय खुर्ची," म्हणाले.

शेठजींना धाकटा भाऊ आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. ते मला त्यांच्या आईनं सांगितलं. म्हातारी अंगणात पापड लाटत बसायची, आणि लाटणं चालू असताना ती कुणाचंच काही झाकून ठेवायची नाही. शेठजींचे वडील वारल्यावर दोघा भावांचं भांडण लागलं ते दुकानातल्या जुन्या काट्यावरून. आजोबांच्या हातचा काटा. दोघांनाही तोच पाहिजे. समाजातले पंच बसले. तीन दिवस बसले, भरपूर जेवले, आणि निवाडा दिला: दांडी थोरल्याला, पारडी धाकट्याला. असा निवाडा द्यायला पंचच लागतात. धाकटा पारडी घेऊन शहागडला गेला, हायवेवर बी-बियाणाचं दुकान टाकलं, आणि तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. लग्नाकार्यात समोरासमोर आले तरी एक मांडवाच्या ह्या दारानं निघायचा, दुसरा त्या.

"मी मेल्यावर तरी एका जागी उभे राहतील का न्हाई, काय माहीत," म्हातारी म्हणाली आणि पापड उलटला.

आता चौथ्या पिक्चरची गोष्ट. ही नीट सांगायला पाहिजे, कारण हिच्यात माझंच काळंबेरं आहे.

बारा वाजता टॉकीजमध्ये हिंदी पिक्चरचा खेळ लागायचा. त्याची गर्दी अकरापासूनच फाटकाशी. त्यामुळं सकाळचा इंग्रजी पिक्चर केवढाही असो, साडेअकराला बंद. ऑपरेटर शेवटचं रीळ चढवायचाच नाही. मला त्यानंच सांगितलं होतं. शेठजींना वाटायचं की आपला माणूस पिक्चर असाच तोडतो, आणि शेवट आधीच माणसांच्या बोलण्यात सांगून टाकतो. तो बोललेला शेवट मी त्यांना सांगायचो. खरं सांगितलं असतं तर शेठजींनी टॉकीजवाल्याशी भांडून अख्खा पिक्चर लावायला लावला असता, आणि मला वीस मिनिटं जास्तीचं अमेरिकन ऐकावं लागलं असतं. तेव्हा लिफ्टवाल्याचं मी लग्न लावून दिलं होतं. धान्य तोलणाऱ्या म्हाताऱ्याचा पिक्चर पुन्हा लागला तेव्हा त्याला नातू झाला. माझ्या हातात होतं तोवर मी अमेरिकेत कुणाला दुःखी ठेवलं नाही.

चौथ्या पिक्चरात दोन भाऊ होते. धाकट्याचा कुठंतरी माळरानावर पेट्रोलपंप. दोघं वर्षानुवर्षं अबोला धरून. दीड तास काही घडत नाही. मग थोरला एके दिवशी गाडी काढतो आणि रस्त्याला लागतो. रस्ता, रस्ता, रस्ता, आणि खाड्‌कन दिवे लागले. साडेअकरा.

शेठजींनी माझा हात सोडला नव्हता. उपरण्याखालून नाही, उघड विचारलं. "गेला का न्हाई?"

मला भूक लागली होती. घरी पेपर तपासायचे पडले होते. मी म्हटलं, "गेला शेठजी. जाऊन दारात उभा राहिला. दोघं काही बोलले नाहीत. धाकट्यानं आत घेतलं, जेवायला बसवलं."

"काहीच बोलले न्हाई?"

"एक शब्द नाही."

चार दिवस शेठजी दुकानातल्या रिकाम्या खुर्चीवरची धूळ स्वतः पुसत होते. पाचव्या दिवशी दुपारी माझ्या शाळेच्या दारात जीप. शेठजी इस्त्रीच्या कपड्यांत, नवी टोपी. "मास्तर, बसा. जल्दी करा, दिवस मावळायच्या आत जेवायचं हाय."

कुठं ते अंबड मागं पडल्यावर कळलं.

शहागडला जीप दुकानासमोर उभी राहिली. धाकटे शेठजी बियाणाच्या पिशव्या रचत होते. शेठजी उतरले, उंबऱ्याशी गेले, आणि नुसते उभे राहिले. धाकट्यानं वर बघितलं. हातातली पिशवी खाली पडली.

"तू?" तो म्हणाला. "काय झालं?"

शेठजी गप्प.

"अरे बोल ना! आईला काही झालं का?"

शेठजी गप्पच. पिक्चरात बोलत नाहीत! आता अकरा वर्षांनी भाऊ दारात येतो, नवी टोपी घालून येतो, आणि तोंडातून शब्द काढत नाही, ह्याचा अर्थ आपल्याकडं एकच होतो. धाकटा मटकन खाली बसला. "आई गेली गं," एवढं आत ओरडला. आतून त्याची बायको पदर सावरत आली आणि तिनं हंबरडा फोडला. शेजारच्या खताच्या दुकानानं शटर ओढलं. टायरवाल्यानं ओढलं. दोन ट्रकवाले गाड्या बाजूला लावून, डोक्यावरचं काढून उभे राहिले. एकजण, "लाकडं इथं का जालन्याला?" असं मला विचारायला आला.

मी शेठजींच्या कानाला लागलो. "बोला हो शेठजी!"

"तुम्हीच म्हणले ना, बोलत न्हाईत," शेठजी ओठ न हलवता म्हणाले.

"ते अमेरिकेत! इथं माणसं मरतील!"

तेव्हा कुठं शेठजींनी घसा खाकरला. "आई मजेत हाय," ते म्हणाले. "पापड लाटून राह्यली. मी जेवायला आल्तो."

पुढचं सगळं सांगत बसत नाही. धाकट्यानं आधी दगड उचलला, मग तो टाकून दिला, मग भावाच्या गळ्यात पडून पुन्हा रडला, ह्या खेपेला जिवंत माणसांसाठी. धाकट्याच्या बायकोनं रागारागात आमटीत मीठ दुप्पट घातलं. दोघा भावांनी ती वाटीवर वाटी प्यायली. सूर्य बुडायला अर्धा तास बाकी होता. मी कोपऱ्यात बसून ती खारट आमटी पिताना मला फार बरं वाटलं आणि फार भीती वाटली, दोन्ही एकदम.

त्यानंतर शेठजींनी श्रेय सगळं डायरेक्टरला दिलं. "तिकडं अमेरिकेत बसून त्यानं आमचं घर जोडलं," हे ते मोंढ्यात इतक्या वेळा सांगत की लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे. आपला दुभाष्या कोण होता, तेही सांगायचे. मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

वर्षं गेली. मी नव्या जालन्यात घर बांधलं. घरोघर केबल आली, टॉकीजवाल्यानं सकाळचे खेळ बंद केले, म्हातारी गेली, आणि तिच्या अंत्ययात्रेला दोघं भाऊ एकाच बाजूला उभे होते. मला वाटलं, सुटलो. मग शेठजींची पुण्यात दिलेली मुलगी दिवाळीला आली. वडिलांनी तिला कागदावर त्या नावाचं चित्र काढून दिलं होतं, अक्षर न् अक्षर. ते दाखवून तिनं कुठल्याशा दुकानातून नेमकी चौथ्या पिक्चरची सीडी आणली. बापासाठी इतकं करणारी मुलगी देव कुणालाही देवो, मला फक्त तेव्हा द्यायला नको होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. ओसरीत टीव्ही, समोर गाद्या. धाकटे शेठजी, त्यांची बायको, सगळे शहागडहून मुद्दाम आलेले. "तुला दाखवतो," शेठजी भावाला म्हणत होते, "कुणामुळं मी तुझ्या दारात आलो ते. मास्तर, सांगा बराबर सगळं."

मी आयुष्यात पहिल्यांदाच लाईट जाण्याची वाट बघितली. रोज चार तास जाणारी लाईट त्या दिवशी डोळेही मिचकावेना. मी म्हटलं, पुढं काही विशेष नाही, जेवून घेऊ. कुणी हललं नाही. पेट्रोलपंप आला, अबोला आला, गाडी निघाली. रस्ता, रस्ता, रस्ता. जिथं दिवे लागायचे ती जागा आली आणि गेली. मी पण ह्याच्या पुढचं कधी बघितलं नव्हतं.

थोरला भाऊ पंपाजवळ पोचतो. गाडी लांबच उभी करतो. आत धाकटा काचेमागं बसलेला दिसतो, काहीतरी पुसत असलेला. थोरला स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहतो. बराच वेळ. मग गाडी वळवतो आणि निघून जातो. संपलं. पाट्या सरकायला लागल्या, मार्का आला, गेला.

शेठजी माझ्याकडं वळले.

"मास्तर, हा तर फिरला."

"हो."

"तुम्ही म्हणले, गेला. दारात उभा राह्यला."

"शेवटचं रीळ लावायचेच नाहीत, शेठजी. मी माझ्या मनानं सांगितलं."

"बाकीच्या पिक्चरचं?"

"सगळ्याच पिक्चरचं."

इतक्या वर्षांच्या माझ्या विनयाचा तिथं निकाल लागला. शेठजी लाल झाले, मग पांढरे पडले. मला वाटलं, आता हात उचलतील. पण ते माझ्याकडं बघतच नव्हते, भावाकडं बघत होते. सगळ्या घराला आता कळलं होतं की थोरला आपणहून आलाच नव्हता. तो एका मास्तरच्या थापेवर आला होता. धाकट्याची बायको भिंतीकडं तोंड करून बसली. मी मनातल्या मनात चपला शोधत होतो.

धाकटे शेठजी टीव्हीकडं बघत होते. पडदा कधीच काळा झाला होता.

"दोनदा," ते म्हणाले.

"काय दोनदा?"

"मी दोनदा आल्तो जालन्याला. एकदा पहिल्याच वर्षी. एकदा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तव्हा. मोंढ्याच्या नाक्यावर मोटरसायकल उभी केली. तू दुकानात बसलेला दिसून राह्यला होता. दाण्याची परीक्षा करत होता, हातावर घेऊन." त्यांनी तळहात पुढं केला. "लई वेळ बघितलं. मंग फिरलो."

"मला कधी बोलला न्हाई."

"काय बोलू? फिरलेलं माणूस काय बोलंल?"

त्यांची बायको भिंतीकडून वळली. तिलाही हे माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेठजींनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग कुठल्या कुठं गेला होता.

"मास्तर," ते म्हणाले, "हे त्याला तिकडं अमेरिकेत कसं कळलं?"

मी काहीही सांगू शकलो असतो. चौदा वर्षांचा सराव होता. पण त्या दिवशी मी त्यांचं उपरणं हातावर ओढून घेतलं आणि खालून नुसती मूठ दाबली.